आधी काटा, मग बाक

वाचकाचं पत्र:

ताई, जय ख्रिस्त. आमचं गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मंडळी लहान, २२ घरांची. पाळक साहेब महिन्यातून दोनच रविवार येतात, बाकीचे रविवार आमच्यातलंच कोणी उपासना चालवतं. मी महिला मंडळाची सेक्रेटरी आहे.

दिवाळीनंतर कापूस वेचायला मेळघाटातून कोरकू मजूर येतात. आमच्या भासऱ्यांच्या वावरात ६ बिऱ्हाडं आहेत, ताडपत्री ताणून राहतात. त्यातली एक कोरकू बाई दोन वर्षांपासून रविवारी चर्चला येते. आता तिच्यामागे आणखी सात-आठ जण येतात. काही जण त्यांच्या गावीही प्रार्थनेला जातात, काही जात नाहीत. सगळे दारापाशी बसतात. पोरं सारखी आत-बाहेर करतात.

मागच्या नाताळला प्रीतिभोजनात भाजी कमी पडली, तर आमचे एक पंच सगळ्यांदेखत म्हणाले, “वर्गणी आमची अन् पंगत यांची काय?” ती कोरकू बाई ताट तसंच ठेवून उठली. मला फार लागलं.

म्हणून यंदा मी स्वागत समिती काढायचं ठरवलं. दारात गुलाबाचं फूल द्यायचं, नवीन लोकांना उभं करून ओळख करून घ्यायची, ब्लँकेट वाटायचे. पण मंडळीत दोन तट पडले. काही म्हणतात, गावात आधीच ‘मजुरांना बाटवता’ अशी कुजबुज आहे, उगाच कशाला. काही म्हणतात, होळीला ही माणसं परत जाणार, एवढं कशाला. परवा ती कोरकू बाई मला बाजारात दिसली, तर पदर ओढून बाजूनं निघून गेली. मी काय करू? भासऱ्यांच्या वजनकाट्यावरूनही मजूर नाराज आहेत असं ऐकते, पण तो वेगळा विषय.

– एक बहीण, अचलपूर तालुका

उत्तर:

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि ‘वेगळा विषय’ म्हणून मिटवलंत. माझं मन तिथंच अडकलंय. पण त्याआधी त्या ताटाबद्दल बोलू.

भरल्या ताटावरून माणूस उठणं आपल्या वऱ्हाडात साधी गोष्ट नाही. लग्नात असं झालं तर दोन घरांचं बोलणं बंद होतं, चार माणसं समजूत काढायला जातात. त्या दिवशी त्या बाईच्या मागे कोण गेलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोणी गेलं नसावं असं मी धरून चालते. म्हणजे वर्ष होत आलं, आणि मंडळीकडून तिला अजून एक शब्द गेलेला नाही. अशात दारात गुलाबाचं फूल दिलंत, तर ती ते घेईल आणि पुढच्या रविवारी येणार नाही.

म्हणून समिती राहू द्या. तुम्ही एकट्या, फार तर एखाद्या मैत्रिणीला घेऊन, संध्याकाळी त्यांच्या तंबूवर जा. वेचणी संपून, काटा होऊन, चुली पेटल्या की जा. पंचांना बरोबर नेऊ नका, त्यांची वेळ नंतर. चर्चचं नाव काढू नका. “मागच्या नाताळला आमच्याकडून चुकलं, तुम्ही उपाशी गेलात, मला तेव्हाच यायला पाहिजे होतं,” एवढं म्हणा. ती बहुतेक कोरा चहा ठेवेल. तो प्या. “नको, आत्ताच झाला” हे आपलं नेहमीचं वाक्य त्या दिवशी घरी ठेवून जा. आपण ख्रिस्ती झालो, बाप्तिस्मे झाले, पण कोणाच्या हातचं पाणी घशाखाली उतरतं आणि कोणाच्या हातचं नाही, हा हिशेब काही घरांतून अजून गेलेला नाही. तुमच्या घराबद्दल म्हणत नाही. माझ्या माहेरात होता, म्हणून बोलते.

आणि तिचं नाव विचारून या. पत्रात तुम्ही तिला तीन वेळा ‘कोरकू बाई’ म्हटलंय. दोन वर्षं ती तुमच्या मागच्या ओळीत बसतेय. बायबलातल्या रूथच्या पुस्तकात हेच आहे. बवाज शेतात येतो, सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचणाऱ्या एका अनोळखी बाईकडे पाहून ही कोणाची म्हणून विचारतो, आणि मुकादम सांगतो: ती मवाबी, नामीबरोबर आलेली. नाव नाहीच, फक्त मुलूख. बवाज मात्र तिच्याशी थेट बोलतो. आमच्या गड्यांनी भरलेलं पाणी पी म्हणतो, दुपारच्या जेवणाला जवळ बसवतो, आणि गड्यांना बजावतो की तिला कोणी टाकून बोलायचं नाही. ‘वर्गणी आमची’ म्हणणाऱ्या पंचांना एखाद्या रविवारी रूथचा दुसरा अध्याय वाचायला द्या. कोणी टोमणा मारायची गरज पडणार नाही. कापूस पिकवणाऱ्या माणसाला शेतातली गोष्ट बरोबर कळते.

आता माझी एक आठवण. मी नऊ-दहा वर्षांची असताना वडिलांची बदली झाली आणि आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मंडळीत गेलो. पहिल्याच रविवारी आई तिसऱ्या बाकावर बसली. दोन मिनिटांत एक बाई आल्या आणि हसत म्हणाल्या, “ही जागा आमची आहे हं.” हसत म्हणाल्या, हे मला अजून आठवतं. आई उठली आणि मागे सतरंजीवर बसली. उपासनेच्या शेवटी पाळकांनी नवीन कुटुंबाला उभं राहायला सांगितलं. आम्ही पाचही जण उभे राहिलो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आई म्हणाली, “बरं झालं, एकदाचं संपलं.” पुढचे दोन-तीन महिने ती सतरंजीवरच बसली. मग नाताळच्या आधी एका म्हाताऱ्या आजीनं दारातून हाक मारली, “ओ बाई, उद्या करंज्या भरायला या. माझे हात आता चालत नाहीत.” आई गेली. चार बायकांत बसून शंभरेक करंज्या भरल्या, कातण्यानं कडा कापल्या, एकीची जळाली म्हणून हसल्या. त्या रविवारी ती पुढे बसली. तिला कोणी बसा म्हटलं नाही आणि तिनंही कोणाला विचारलं नाही.

तेव्हा नवीन माणसांना उभं करायची पद्धत बंदच करा, अशी माझी विनंती आहे. सगळ्या नजरा आपल्याकडे वळल्या की सवय नसलेल्या माणसाला अंगावरचे कपडे आठवतात. तुमच्याकडे येणाऱ्या बाया तर सहा दिवस पऱ्हाटीत वाकून आलेल्या, बोटं बोंडांनी ओरबाडलेली, आणि भाषाही वेगळी. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, तिचं कूळच निराळं, मुंडा भाषांचं. तुमची गीतं त्यांना सुरानं कळतात, शब्दानं निम्मी. त्यांच्यातल्या कोणाला कोरकूत प्रार्थना येत असेल तर एखाद्या रविवारी ती होऊ द्या. आपल्याला कळली नाही तर नाही कळली. त्या लोकांनी आपलं प्रवचन दोन वर्षं असंच ऐकलंय.

बसण्याचं म्हणाल तर पहिला बाक रिकामा ठेवून ‘या, पुढे या’ करू नका. तुम्ही स्वतः मागे जाऊन त्यांच्याशेजारी बसा, महिला मंडळाच्या आणखी दोघींना घेऊन. पोरं आत-बाहेर करतात ती करू द्या. आपली पोरं काय दगडासारखी बसतात?

ब्लँकेटबद्दल थोडं कडवट लिहिते. थंडी आहे, ताडपत्रीत राहतात, ब्लँकेट लागेलच. द्या. पण चर्चमध्ये रांग लावून, फोटो काढून, नावं पुकारून देऊ नका. ज्या माणसाला शनिवारी त्याच्या वेचणीचे पैसे चोख मिळाले, तो रविवारी ब्लँकेटसाठी रांगेत उभा राहत नाही, आठवडी बाजारातून आपल्या पसंतीचं घेऊन येतो. म्हणजे आलोच आपण काट्यावर.

लेवीय १९ उघडा. परक्याबद्दलची आज्ञा ३३ आणि ३४ व्या वचनांत आहे: तुमच्या देशात राहणाऱ्या परक्याला छळू नका, तो तुमच्यातलाच समजा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. ही वचनं आपण पाहुण्यांच्या रविवारी वाचतो आणि पुस्तक मिटतो. पुढची दोन वचनं वाचतच नाही. ३५ आणि ३६ मध्ये काय आहे? वजनात आणि मापात अन्याय करू नका, तुमची तागडी खरी असू द्या, वजनं खरी असू द्या. परका आणि तागडी एका दमात सांगितलीय. कारण उघड आहे. गावातला माणूस काट्यावर भांडतो, चार लोक गोळा करतो. परमुलखातला मजूर कोणाला सांगणार? त्याला रात्री तुमच्याच वावरात झोपायचं असतं.

तुमच्या भासऱ्यांचा काटा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही, तुम्हीही ऐकीवच लिहिलंय. सकाळच्या कापसाला दव असतं, गाठोड्याच्या कापडाचं वजन असतं, म्हणून वजनातून थोडी घट धरतात, ते बरोबरच आहे. भांडण होतं ते घट किती धरायची यावरून. गाठोड्यामागे अर्धा किलो की दोन किलो, हे सकाळी ठरलं नसेल तर संध्याकाळी शेतमालकाच्या तोंडून जे निघेल ते. त्यात वेचणारीला आकडा वाचता येत नसेल आणि वही मालकाकडेच असेल, तर प्रामाणिक काट्यावरही विश्वास बसत नाही. उपाय अगदी साधे आहेत. घट हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर ठरवायची. काटा अंधार पडायच्या आत करायचा. वजन मोठ्यानं बोलायचं, आणि मजुरांतल्या लिहिता येणाऱ्या एखाद्या पोराकडे दुसरी वही द्यायची. रविवारी दोन्ही वह्या जुळवायच्या. भासरे सचोटीचे असतील तर यात त्यांचं काहीच जात नाही, उलट पुढच्या वर्षी तेच मजूर आपणहून त्यांच्याकडे येतील. वेचणीला माणसं मिळत नाहीत म्हणून सगळा वऱ्हाड रडतोय, हे त्यांना मी सांगायला नको.

आता काही कामाच्या गोष्टी. महिला मंडळानं फुलं आणण्यापेक्षा एक सोमवार यासाठी द्यावा. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे मेळघाटातलं कार्ड तुमच्या गावच्या रेशन दुकानातही चालतं. आधार जोडलेलं असलं आणि मशीनवर अंगठा लागला की धान्य मिळतं. त्यांच्यातल्या काहींकडे अंत्योदय कार्ड असेल, म्हणजे घरामागे महिन्याला ३५ किलो. दुकानदार पहिल्यांदा ‘तुमच्या गावी जा’ म्हणेल. तुम्ही शेजारी उभ्या असलात तर म्हणणार नाही. तंबूत लहान लेकरू किंवा गरोदर बाई असेल तर अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना कळवा, बाहेरून आलेल्यांनाही पोषण आहार आणि लसीकरण मिळतं. शाळेच्या वयाची पोरं दिवसभर धुऱ्यावर बसून लहान भावंडं सांभाळत असतील तर मुख्याध्यापकांना भेटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या पोराला कागद नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही.

यातलं एकही काम करताना बायबल काढू नका, प्रार्थना करू नका, पत्रक देऊ नका. ‘बाटवता’ या कुजबुजीबद्दल माझं मत असं आहे. भीतीपोटी माणसाला दारात ठेवणं जितकं चूक, तितकंच ताटासोबत पत्रक ठेवणं चूक. भाकर देऊन त्याबदल्यात कान मागितला, तर ती भाकर राहत नाही, सौदा होतो. रविवारी चर्चचं दार उघडं ठेवा, येणारा आपल्या पायानं येईल, न येणाऱ्याच्या रेशनसाठीही तुम्ही तेवढ्याच उभ्या राहा. ६ बिऱ्हाडांपैकी चर्चला येणारी कोणती आणि न येणारी कोणती, हे दुकानदाराला तुमच्या वागण्यावरून ओळखता येता कामा नये. सरपंचबाईंना आणि पोलीस पाटलांना स्वतः जाऊन सांगा की आम्ही अंगणवाडीचं, शाळेचं हे हे काम करतोय, तुम्हीही चला. लपून केलं की कुजबुज वाढते. नाताळच्या जेवणाला शेजारच्या बौद्ध आणि हिंदू घरांनाही बोलावता ना? तशीच ही माणसं.

होळीला जातील, हो जातीलच. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्या वेळी बहुतेक कोरकू माणसं डोंगरात परततात. पण येणारा-जाणारा पाहुणा मंडळीला नवा आहे का? योहानाचं तिसरं पत्र एका पानात मावतं, आणि ते सगळं याच भांडणावर आहे. गायस नावाचा गृहस्थ अनोळखी प्रवासी बंधूंना घरी उतरवून घेतो, आणि दियत्रफेस नावाचा पुढारी स्वतः घेत नाहीच, वर घेऊ पाहणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. तुमच्या दोन तटांना जवळजवळ दोन हजार वर्षं झाली म्हणायची.

तसं पाहिलं तर आपण तरी इथले कधीपासून? माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या अनाथाश्रमात आली. तिला स्वतःच्या गावाचं नावही सांगता येत नव्हतं. वऱ्हाड-नागपूरकडची कितीतरी ख्रिस्ती घराणी अशीच कोणाच्या तरी ओसरीवर सुरू झाली. तुमच्या पंचांचं घर कसं सुरू झालं, ते त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

उसनवारीचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळख वाढली की तेही येईलच, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या मंडळ्यांसाठी लिहिलेली ‘दिदाखे’ नावाची एक फार जुनी छोटी पुस्तिका आहे. वाटसरूला घरात घ्या, लागेल ती मदत करा, पण तो दोन-तीन दिवसांवर राहू नये, आणि राहायचंच असेल तर त्यानं काम करून खावं, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. तेव्हाच्या लोकांना पाहुणचाराचा त्रासही माहीत होता. तुम्हीही पैसे उसने देऊ नका. ज्यांना चोख मजुरी, रेशन आणि शाळा मिळाली, त्यांना उसने पैसे कमी लागतात. कोणी आजारी पडलं तर तिथं मात्र मागेपुढे पाहू नका.

राहिलं नाताळचं जेवण. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात पंगतीवरूनच तक्रार झाली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाढण्यात डावललं जातं, अशी. मंडळीनं काय केलं? वाढण्याच्या कामासाठी सात माणसं निवडली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात पळी दिली. यंदा तुम्ही तेच करा. त्या बाईला आणि तिच्यासोबतच्या एकीला आदल्या दिवशी करंज्या भरायला बोलवा आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर वाढायला उभं करा. भांडी घासायला मात्र बोलावू नका, आठवडाभर ती मंडळी दुसऱ्यांच्या कामात वाकलेलीच असतात. वर्गणी विचारायला गेलात तर त्यांनी दिलेले वीस रुपयेही वहीत नावानिशी लिहा. पंच वही वाचतात.

भाजी कमी पडू नये म्हणून यंदा २२ घरांनी दोन-दोन वांगी जास्त आणावीत. मागच्या वर्षी भाजी कमी पडली ती सात-आठ माणसांमुळे नव्हे, अंदाज चुकल्यामुळे, आणि अंदाज कोणाचा होता हे तुम्हाला माहीतच असेल.

भासऱ्यांशी तुम्ही थेट बोलू शकणार नाही, ते मला कळतं. नवऱ्यानं बोलावं तर ते मोठ्या भावासमोर मान वर करणार नाहीत. तुमच्या जाऊबाईंशी बोला. वेचणीची वही बहुतेक घरांत बाईच लिहिते. तुमच्याकडे जाऊबाईच लिहीत असतील तर कोणाचं किती वजन आणि किती घट, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसणार. सध्या तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला निघाल्या असतील. दुपारी सूप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसा. आधी सोलून होऊ द्या, मग हळूच विचारा, “गाठोड्यामागे आपण किती धरतो हो?”